आजोबांच्या फोटोतलं विमान कोणतं?

फोटो तळहातात मावेल एवढा. कडा नागमोडी कापलेल्या, एका कोपऱ्याला जुन्या डिंकाचा पिवळा डाग. मोकळ्या मैदानात एक छोटं विमान उभं आहे आणि त्याच्यापुढे पाच माणसं: तिघं साहेबी टोप्या घातलेले, एक काळी टोपी आणि धोतर-कोटातले आजोबा, आणि कडेला नऊवारीतल्या आजी. फोटोच्या मागे शाईने लिहिलंय, 'टाटांचे विमान. जुहू. १९३२.' मित्राने दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवल्या आणि विचारलं, 'हेच का रे ते जे. आर. डीं.चं विमान?'

प्रश्न साधा नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले, अहमदाबादला पेट्रोल घेतलं आणि दुपारी जुहूला उतरले. सोबत सुमारे पंचवीस किलो टपाल होतं. पुढे टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी बल्लारीमार्गे ते मद्रासला नेलं. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेची सुरुवात ती. त्या दिवशी आपले आजोबा जुहूच्या मैदानात होते असं एखाद्या घराला वाटत असेल, तर उत्तर देताना घाई करून चालत नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, मागचं लिखाण जरा बाजूला ठेवू. आधी विमानाला विचारू.

हा लेख त्या विचारण्याबद्दल आहे. जुन्या फोटोतलं अनोळखी विमान ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. कुठे बघायचं ते कळावं लागतं. आणि एक सवय मोडावी लागते: 'हे कशासारखं दिसतंय?' असं विचारण्याची. त्या काळातली निम्मी विमानं एकमेकांसारखीच दिसतात. विचारायचं ते असं: 'हे कोणतं असूच शकत नाही?' एकेक नाव खोडत गेलं की उरतं ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

दुसऱ्या महायुद्धात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला सैनिकांना एक क्रम शिकवत: पंख, इंजिन, धड, शेपूट. प्रत्यक्ष लढाईत तो फार हळू ठरला. तेव्हा ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांनी वेगळी पद्धत आणली. विमानाचं चित्र पडद्यावर क्षणार्धासाठी चमकवायचं आणि माणसाला ते अख्खं, एका नजरेत ओळखायला लावायचं, ओळखीचा चेहरा ओळखतो तसं. लढाईत ते योग्यच होतं. पण फोटो कुठे पळून जात नाही. त्यामुळे आपल्या कामाला तो जुना, सावकाश क्रमच उपयोगी पडतो.

पहिलं पाऊल सगळ्यांना जमतं. पंखांची जोडी एक की दोन? इंजिनं किती? वैमानिक उघड्यावर बसतो की काचेच्या आत? आमच्या फोटोत पंखांची एकच जोडी, तीही धडाच्या वर छपरासारखी बसवलेली. इंजिन एक. बसायची जागा बंदिस्त. एवढ्यावरच त्या काळात भारतात सर्रास दिसणारं जिप्सी मॉथ बाद झालं, कारण ते दुपंखी आणि उघडं. फॉक्स मॉथही बाद. ते तर ओळखायला फारच सोपं: प्रवासी पुढे बंद खोलीत बसलेले आणि वैमानिक त्यांच्या मागे, उंचावर, उघड्या हवेत.

मग इंजिन. इथे मात्र थांबून बघावं, कारण जुन्या विमानाचं नाक फार बोलतं. इंजिनाचे सिलिंडर सूर्याच्या किरणांसारखे गोल मांडलेले असतील तर नाक थाळीसारखं रुंद आणि बोथट दिसतं. सिलिंडर एकामागे एक रांगेत असतील तर नाक लांबट आणि अरुंद. रांगेतल्या इंजिनाचेही दोन प्रकार. ही मॉथ विमानं बनवणाऱ्या ब्रिटिश डी हॅविलंड कंपनीचं आधीचं जिप्सी इंजिन सरळ उभं असायचं. सिलिंडरांची डोकी वर, नाकाच्या पत्र्यातून बाहेर डोकावणारी. पुढचा पंखा त्यामुळे खालच्या अंगाला यायचा आणि वैमानिकाच्या नजरेसमोर लोखंडाचा उंचवटा उभा राहायचा. मग कंपनीने इंजिनच उलटं टांगलं, डोकी खाली आणि पंखा फिरवणारा दांडा वर. पंखा वर गेला, नाकाची वरची रेघ गुळगुळीत झाली आणि वैमानिकाला समोरचं नीट दिसू लागलं.

हा फरक शिकलात की एक मोठा गोंधळ कायमचा मिटतो. जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ ही दोन्ही दुपंखी, उघडी, एकाच घराण्यातली. जिप्सी मॉथचं इंजिन उभं आणि पंख धडाला काटकोनात. टायगर मॉथचं इंजिन उलटं आणि पंख किंचित मागे झुकलेले. त्याचा वरचा पंखही पुढे सरकवलेला असतो, कारण पुढच्या बैठकीतल्या माणसाला संकटात पॅराशूट घेऊन बाहेर पडायला जागा हवी होती. टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ रोजी. तेव्हा 'बाबा, १९२९' असं लिहिलेल्या फोटोत टायगर मॉथ उभं असेल तर साल चुकलंय. यात मतभेदाला जागाच नाही.

आमच्या फोटोत नाकाची वरची रेघ गुळगुळीत होती. इंजिन उलटं. शेपटीचा उभा पंख मागे गोलाई घेऊन वर जाणारा. ही गोलाई म्हणजे डी हॅविलंडच्या विमानांचं घराण्याचं नाक. एखाद्या कुटुंबात पणजोबांपासून नातवापर्यंत एकच नाक उतरत यावं, तशी ती या कंपनीच्या विमानांवर वर्षानुवर्षं दिसते. उंच पंख, बंद जागा, उलटं इंजिन, ही शेपूट. आता दोनच नावं उरली: पस मॉथ आणि लेपर्ड मॉथ.

आणि इथेच मला घाम फुटला, कारण जे. आर. डी. १९३२ मध्ये आले ते पस मॉथमधून. त्या विमानाची नोंदणी व्हीटी-एडीएन. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी कराची ते मुंबई तेच उड्डाण पुन्हा केलं, ते लेपर्ड मॉथमधून. म्हणजे एकाच माणसाच्या, एकाच मार्गावरच्या दोन ऐतिहासिक प्रसंगांत ही दोन जुळ्या भावांसारखी विमानं उभी आहेत. त्यांचे फोटो एकमेकांत मिसळायला कितीसा वेळ लागणार?

आधी मापाने पाहू म्हटलं. ही युक्ती सोपी आहे. विमानाच्या चाकाजवळ, अगदी त्याच अंतरावर उभा असलेला माणूस शोधायचा, त्याची उंची साडेपाच फूट धरायची आणि पट्टीने त्याची आणि विमानाची लांबी मोजायची. माणूस विमानाच्या बराच पुढे उभा असेल तर तो मोठा दिसतो आणि हिशेब फसतो, म्हणून अंतराला महत्त्व. स्कॅनमध्ये चाकाजवळचा टोपीवाला ११ मिलिमीटर आणि विमान नाकापासून शेपटीपर्यंत ४९ मिलिमीटर भरलं. म्हणजे साधारण साडेचोवीस फूट. पस मॉथची लांबी २५ फूट, लेपर्ड मॉथची साडेचोवीस. टोपीवाला साडेपाचाऐवजी पाच फूट सात इंच असेल तर उत्तर लगेच दुसरीकडे कलतं! मापाने घराणं पक्कं केलं, भाऊ कोणता ते सांगितलं नाही.

ते सांगितलं पायाने.

चाकं आणि धड यांना जोडणारा दांडा म्हणजे विमानाचा पाय. उतरताना बसणारा हिसका झेलायची सोय याच पायात असते. पस मॉथमध्ये हा पाय चाकापासून निघून वर, अगदी वर, पंख जिथे धडाला मिळतो त्या उंचीपर्यंत जातो. बाजूने पाहिलं तर खिडकीच्या पुढून एक उभी जाड पट्टी वर गेलेली दिसते. लेपर्ड मॉथमध्ये तो तिथवर जात नाही. इंजिनाच्या मागे जो भक्कम आडवा पडदा असतो, त्यालाच तो जाऊन मिळतो, म्हणजे नाकाचा पत्रा संपतो तिथे. खिडकीसमोरची जागा मोकळी राहते. याशिवाय लेपर्ड मॉथचे पंख टोकाकडे निमुळते होत जातात, पस मॉथचे बऱ्यापैकी एकाच रुंदीचे असतात. पण बाजूने काढलेल्या फोटोत पंखाचा निमुळतेपणा कळत नाही. पाय मात्र कळतो.

आमच्या फोटोत पाय एका टोपीवाल्याच्या खांद्यामागून निघत होता आणि नाकाच्या पत्र्याशी संपत होता. खिडकीसमोर काहीच नव्हतं. मी तो तुकडा मोठा करून दहा वेळा पाहिला. शंकेला जागा नव्हती. हे लेपर्ड मॉथ आहे आणि लेपर्ड मॉथ पहिल्यांदा आकाशात गेलं २७ मे १९३३ रोजी, तेही इंग्लंडमध्ये. १९३२ च्या जुहूत ते असणं अशक्य.

मग मागचं लिखाण खोटं का? मला तसं वाटत नाही. अल्बममध्ये फोटो चिकटवताना, दहा-वीस वर्षांनी, आठवणीतून साल लिहिलं जातं. आठवणीला मोठी घटना जवळ ओढते. 'टाटांचं विमान' म्हटलं की १९३२ हाताशी येतंच. अशा लिखाणाला मी साक्षीदार मानतो, पण सगळ्यात शेवटी उभा करतो. जागेबद्दल ते सहसा खरं निघतं. सालाबद्दल कमी वेळा. विमानाच्या नावाबद्दल तर फारच कमी.

रंग फसवतो तेव्हा

आता फोटोच्या रसायनाबद्दल, कारण इथे भले भले चुकतात. १९३० च्या दशकात हौशी लोक वापरायचे ती बरीचशी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. कोडॅकची १९३१ ची व्हेरिक्रोम ही गाजलेली फिल्मसुद्धा त्याच जातीची. अशा फिल्मवर लाल वस्तू काळी उमटते आणि निळी फिकट, कधीकधी जवळजवळ पांढरी. आमच्या फोटोत आजींच्या कपाळावरचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं काळं आहे आणि आकाश कोरं पांढरं. फिल्म कोणत्या जातीची, हे आजींनीच सांगितलं.

याचा विमानाशी संबंध असा. ब्रिटिश लष्करी विमानांवर गोल खूण असायची: बाहेर निळं कडं, मग पांढरं, मधोमध लाल. लाल न दिसणाऱ्या फिल्मवर बाहेरचं निळं कडं पांढऱ्यात मिसळून जातं आणि उरतो मध्यभागी एक काळा ठिपका. पाहणारा म्हणतो, ही तर वेगळ्याच देशाची खूण! नंतर सगळे रंग टिपणारी फिल्म आली आणि त्याच खुणेचं निळं कडं गडद, लाल मध्यम करडं दिसू लागलं. म्हणून कृष्णधवल फोटोवरून विमानाचा रंग ठासून सांगू नये. आधी फोटोत ज्याचा रंग आपल्याला नक्की ठाऊक आहे अशी एखादी वस्तू शोधावी: कुंकू, झाडाची पानं, झेंडा.

आजींनी आणखी एक काम केलं. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली तर डावं-उजवं बदलतं आणि मग दार कोणत्या बाजूला, इंजिनाच्या धुराची नळी कोणत्या बाजूला, यावरचे सगळे तर्क कोसळतात. अक्षरं दिसत असतील तर ती उलटी आहेत का ते लगेच कळतं. नसतील तर माणसांकडे बघावं. पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. आजींचा तसाच होता, फोटो सुलटा. मात्र गुजराती पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि मुंबईच्या फोटोंत त्या भरपूर दिसतात, तेव्हा एकट्या पदरावर विसंबू नये.

अक्षरांची ओळ

धडावर आणि पंखांवर रंगवलेली नोंदणीची अक्षरं म्हणजे विमानाचा सातबारा. पहिल्या महायुद्धानंतर ठरलेल्या पद्धतीत ब्रिटिश भारतातल्या विमानांना 'जी', मग आडवी रेघ, मग 'आय'ने सुरू होणारी चार अक्षरं मिळत. १९२९ पासून 'व्हीटी' आलं आणि ते आजही आहे. त्यामुळे नुसत्या पहिल्या दोन अक्षरांवरून १९२९ च्या अलीकडचं की पलीकडचं हे कळतं. 'व्हीटी'नंतरची अक्षरं साधारण क्रमाने दिली जात, 'एएए'पासून पुढे. म्हणजे मधलं अक्षर वाचता आलं तरी सालाचा अंदाज बांधता येतो. टाटांचं 'एडीएन' १९३२ चं, हे एक खुंटी ठोकून ठेवायला चांगलं उदाहरण.

आमच्या फोटोत 'व्हीटी', रेघ, 'ए' आणि पुढे आजोबांचं कोपर. शेवटचं अक्षर कोपराच्या पलीकडे अर्धं दिसतंय, एक गोलाई. ती 'ओ'ची असेल, 'क्यू'ची, 'जी'ची किंवा 'सी'ची. कोपरामागचं अक्षर कायमचं गेलं. मित्राने लगेच एका ॲपमधून फोटो 'स्वच्छ' करून पाठवला, त्यात गोलाईचं सुबक 'डी' झालं होतं. त्याला मी कळकळीने सांगितलं, आणि इथेही सांगतो: असं सॉफ्टवेअर पुसलेलं अक्षर परत आणत नाही. तिथे काय असण्याची शक्यता आहे ते ते नव्याने रंगवतं. रिव्हेट, टेकू, अक्षरं, सगळं इतकं पटेल असं रंगवतं की मूळ फोटो बाजूला ठेवला नाही तर पुढच्या पिढीला खरं-खोटं कळणारच नाही. ओळखायला हवा तो मूळ प्रिंटचा स्कॅन: लहान फोटो असेल तर निदान १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके), चारही कडा धरून आणि मागची बाजूही घेऊन. कडेला कापलेल्या अर्ध्या इंचात कधीकधी हँगरवरची पाटी असते.

दुर्मीळ पाहुणे

बहुतेक घरगुती फोटोंत मॉथ घराण्यातलंच कोणीतरी निघतं, म्हणून सुरुवात तिथून करावी. पण काहीतरी जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नये. टाटांच्या ताफ्यातच काही फार विरळ विमानं होती. माइल्स मर्लिन हे त्यातलं एक. जगात अशी चारच बनली आणि त्यातलं एक टाटांकडे आलं. पंख खाली, बंद खोली आणि समोरची काच वरून पुढे कललेली, जणू खिडकी उलटी बसवली आहे. तशीच काच त्याच्या आकाराने लहान भावाला, माइल्स फाल्कनलाही असते. दोघांच्या पंखांच्या पसाऱ्यात फरक फक्त दोन फुटांचा, ३५ आणि ३७. नजरेला तो कळत नाही, तिथे नोंदणीची अक्षरंच उपयोगी पडतात. टाटांनी १९४१ मध्ये अमेरिकेतून घेतलेलं स्टिन्सनचं तीन इंजिनांचं विमान मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही: पंख धडाजवळ अरुंद, मध्ये रुंद आणि टोकाला पुन्हा अरुंद.

वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली. तिथे जुळणी होऊन बाहेर पडलेलं पहिलं विमान हार्लो पीसी-५ए. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजात मॅक्स हार्लो या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून जे विमान बनवलं, त्याच्याच वंशातलं हे. गोल इंजिन, धातूचं चकचकीत अंग, खाली पंख. कुणाच्या आजोबांनी युद्धकाळात बंगळुरूला नोकरी केली असेल तर त्यांच्या अल्बममध्ये हे नक्की शोधा.

युद्धकाळातल्या फोटोंना खुणांचं कॅलेंडरच मिळतं. जपानी विमानांवर लाल गोळा होता, म्हणून भारत-ब्रह्मदेश आघाडीवर आपल्या बाजूच्या विमानांच्या खुणांमधून लाल रंग काढून टाकला गेला आणि दोन निळ्या छटा उरल्या. अमेरिकनांनी मे १९४२ मध्ये ताऱ्यातला लाल ठिपका पुसला, १९४३ मध्ये ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या जोडल्या आणि १९४७ मध्ये त्या पट्ट्यांत लाल रेघ आली. एखाद्या डकोटा या वाहतुकीच्या विमानाच्या अंगावरची ही खूण पाहून फोटोचं साल दोन-तीन वर्षांच्या आत आणता येतं. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाच्या विमानांवर थोडा काळ अशोकचक्र होतं, मग केशरी-पांढरं-हिरवं चक्र आलं. ते संक्रमणाच्या काळातले अशोकचक्राचे फोटो मला फार मोलाचे वाटतात. सापडले तर जपा.

आमच्या फोटोकडे परत येतो. मित्राला मी लिहिलं ते असं: विमान लेपर्ड मॉथ. त्यामुळे फोटो १९३३ च्या उत्तरार्धाआधीचा नाही. फिल्मच्या जातीवरून त्याच दशकातला असण्याची शक्यता जास्त. जागा जुहू असायला हरकत नाही, मागची नारळाची रांग आणि सपाट मैदान त्याला विरोध करत नाही. शिवाय जमीन कोरडी आहे, म्हणजे पावसाळा नाही. जुहूचं मैदान पावसात चिखलाने भरायचं आणि टाटांना आपलं काम त्या महिन्यांत पुण्याला हलवावं लागायचं. विमान टाटांचंच होतं का, हे कोपर हलल्याशिवाय कळणार नाही. लेपर्ड मॉथ इतर मालकांकडेही होती.

थोडा वेळ त्याचं उत्तर आलं नाही. मग फोन आला. आवाज जरा पडलेला होता, पण प्रश्न वेगळाच होता: 'आजीचं लग्न चौतीसचं. मग बत्तीसच्या फोटोत ती आजोबांशेजारी कशी, हे आईला नेहमी खटकायचं. आता जुळतं की रे!'

मागच्या शाईला हात लावू नको, असं मी त्याला सांगितलं. ते आजोबांचं अक्षर आहे. त्याच्या खाली मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता त्याने लिहिलं: 'लेपर्ड मॉथ. व्हीटी-ए??. १९३३ नंतर, बहुधा १९३४ नंतर.' दोन प्रश्नचिन्हं तशीच ठेवली आहेत. कुणाच्या तरी अल्बममध्ये याच दिवशीचा, दोन पावलं डावीकडून काढलेला दुसरा फोटो असू शकतो.